एका घरातील दोन नोंदी: बालरक्तकर्करोग, मूत्राशयाचा कर्करोग आणि ‘संपर्क तुटला’ हा शेरा

यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यात कोरडवाहू कापसावर जगणाऱ्या एका कुटुंबातील सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग असल्याचे ऑक्टोबर २०२१ मध्ये निष्पन्न झाले, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याच घरातील चौसष्ट वर्षांच्या आजोबांना मूत्राशयाच्या अस्तराचा कर्करोग असल्याचे कळले. दोघांच्या उपचारांचा मुख्य भाग सुमारे दीडशे किलोमीटरवरील नागपुरात, दोन वेगवेगळ्या रुग्णालयांत झाला. मधल्या तपासण्या, रक्त चढवणे, ताप आल्यास पहिले प्रतिजैविक आणि मुलाची काही इंजेक्शने एवढा भाग तालुक्यातील आमच्या लहान धर्मादाय रुग्णालयाकडे होता. मी तेथे फिजिशियन आहे. या दोन आजारांचा एकमेकांशी आनुवंशिक संबंध नाही. एका घरात ते लागोपाठ आले हा योगायोग होता. मात्र उपचार सुरू झाल्यावर त्यांचा एकमेकांशी संबंध जडला, आणि शेवटी दोन्ही रुग्णालयांच्या संशोधन नोंदींत या दोघांपुढे जे शेरे पडले ते प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीच्या जवळजवळ उलट होते. कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण मांडत आहे.

सिकलसेलचा शिक्का

मुलाचे दुखणे पोळ्याच्या आठवड्यात सुरू झाले. तो लंगडू लागला, रात्री पिंढऱ्या धरून रडू लागला आणि जेवण कमी झाले. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले आणि तीन-चार दिवस मूल पुन्हा खेळू लागले. ते इंजेक्शन बहुधा डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे असावे. स्टेरॉइडने लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगाच्या पेशी काही काळ मरतात, दुखणे ओसरते आणि घरच्यांना औषध लागू पडल्यासारखे वाटते. निदान मात्र त्यामुळे पुढे ढकलले जाते आणि उपचाराला सुरुवातीचा प्रतिसाद कसा आहे हे मोजणेही अवघड होते.

१३ सप्टेंबरला मूल आमच्या बाह्यरुग्ण विभागात आले तेव्हा हिमोग्लोबिन ६.१ होते आणि प्लीहा बोटभर हाताला लागत होती. पूर्व विदर्भात आणि यवतमाळच्या आदिवासीबहुल तालुक्यांत हाडे दुखणारे, फिकट पडलेले मूल समोर आले की डॉक्टरच्या मनात पहिला शब्द सिकलसेल, म्हणजे लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, हाच येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. सिकलसेलची प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणी सकारात्मक आली, वडिलांच्या घराण्यात सिकलसेल असल्याचे आजोबांनी सांगितले, आणि मी रक्ताची एक पिशवी चढवून, फॉलिक अॅसिडच्या गोळ्या देऊन मुलाला घरी पाठवले. येथे माझी चूक झाली. ही चाचणी रुग्ण आणि वाहक यांत फरक करत नाही. दोघांतही ती सकारात्मक येते, आणि वाहकाला त्या कारणाने असा रक्तक्षय होत नाही. पुढे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीत वडील वाहक आणि आई निर्दोष निघाली, म्हणजे या मुलाला सिकलसेलचा आजार असणे शक्यच नव्हते. आईवडिलांची तपासणी पहिल्याच दिवशी केली असती तर हे त्याच आठवड्यात उमगले असते.

त्याहून बोचणारी गोष्ट फायलीतच होती. १३ सप्टेंबरच्या रक्ताच्या अहवालात पांढऱ्या पेशी १८,४००, प्लेटलेट ४१,००० आणि लिम्फोसाइट ८८ टक्के असे छापलेले होते. आमचे यंत्र पांढऱ्या पेशींची आकारानुसार तीनच गटांत वाटणी करते. कर्करोगाच्या अपक्व पेशींसाठी त्याच्याकडे चौथा रकाना नाही, म्हणून ते त्यांना बिनदिक्कत लिम्फोसाइट म्हणून मोजते. प्लेटलेटचा आकडा नमुन्यात गुठळी झाल्यामुळे कमी आला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. चार आठवडे तो कागद फायलीत राहिला.

११ ऑक्टोबरला मूल नाकातून रक्त येते म्हणून पुन्हा आले. या वेळी प्रयोगशाळेतील बाईंनी कोणी न सांगता काचेवर रक्ताचा पातळ थर ओढला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शक माझ्याकडे वळवून एवढेच म्हटले, “सर, एकदा तुम्ही पाहा.” दृष्टिक्षेत्रात लाल पेशी विरळ होत्या, प्लेटलेट शोधाव्या लागत होत्या, आणि मोजलेल्या वीस पांढऱ्या पेशींपैकी सोळा सारख्याच दिसत होत्या: जवळजवळ संपूर्ण पेशी व्यापणारे जांभळे केंद्रक आणि भोवती नखाच्या कोरीएवढी निळी कड. त्या काचेनंतर आणखी कशाची गरज नव्हती. त्याच रात्री महामार्गावरून खासगी गाडीने त्यांना नागपूरला पाठवले.

फॉलिक अॅसिडविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९४० च्या दशकात बोस्टनचे सिडनी फार्बर यांना असे दिसले की फॉलिक अॅसिडच्या जातीची द्रव्ये दिल्यावर रक्तकर्करोग झालेल्या मुलांचा आजार उलट बळावतो आहे. त्यातूनच फॉलिक अॅसिडला विरोध करणारे औषध देऊन पाहण्याची कल्पना निघाली. ते औषध लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत मूळचे आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले, आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सोळांपैकी दहा मुलांना तात्पुरता गुण आल्याची नोंद झाली. या मुलाला पुढे आठवड्यातून एकदा मिळालेले मेथोट्रेक्सेट त्याच कुळातले आहे. मी चार आठवडे दिलेल्या गोळ्यांनी या मुलाचे किती नुकसान झाले हे सांगता येणार नाही, कदाचित काहीच झाले नसेल. पण ज्या आजाराच्या उपचाराचा इतिहास ते जीवनसत्त्व थांबवण्यापासून सुरू होतो, त्याच आजारात मी ते लिहून देत होतो, हे मला नंतर अनेक दिवस खुपत राहिले.

उपचार आणि दीडशे किलोमीटर

नागपूरला निदान बी-पेशींचा तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोग असे झाले. वय एक ते दहाच्या मधले आणि पांढऱ्या पेशी पन्नास हजारांच्या आत, त्यामुळे जोखीम साधारण मानली गेली. पाठीच्या पाण्यात कर्करोगाच्या पेशी नव्हत्या. पाच आठवड्यांच्या पहिल्या टप्प्यानंतर अस्थिमज्जेतील उरलेल्या कर्करोगपेशींचे प्रमाण ०.०१ टक्क्याच्या खाली आले. पुढील भाकितासाठी सध्या याहून महत्त्वाचा दुसरा आकडा नाही, आणि तो या मुलाच्या बाजूने होता. श्रीमंत देशांत अशी मुले आज दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक बरी होतात. तेथे आणि येथे वापरली जाणारी मुख्य औषधे बहुतांशी तीच आहेत: सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टिन, स्टेरॉइड, अॅस्पॅराजिनेज, मेथोट्रेक्सेट, मर्कॅप्टोप्युरिन. निकालातील फरक औषधांच्या यादीबाहेर पडतो: उशिरा निदान, कुपोषण, संसर्गाने होणारे मृत्यू आणि अर्धवट सोडलेले उपचार.

या कुटुंबापुढे अंतराचा प्रश्न नको त्या वेळी आला. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो २२ एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. मुलाच्या उपचारातील सर्वांत दाट टप्पा याच सहा महिन्यांत पडला. एसटीत मुलाचे अर्धे तिकीट आणि कर्करोगरुग्णाची सवलत दोन्ही मिळत होत्या. खासगी गाडीला त्यातले काहीच लागू नव्हते. वडील पहाटे महामार्गावर उभे राहून मिळेल त्या गाडीने मुलाला नेत. तोंडाला मास्क, मांडीवर फाइल, आणि पांढऱ्या पेशी पाचशेच्या खाली असलेले मूल काळीपिवळीत दहा-बारा प्रवाशांमध्ये कोंबलेले, असा तो प्रवास असे.

तापासाठी आम्ही एक साधा नियम ठरवला होता. थर्मामीटर १०० च्या वर गेला की नागपूरची वाट धरायची नाही, आधी आमच्याकडे यायचे, पहिले प्रतिजैविक शिरेतून घ्यायचे, मग पुढे निघायचे. घरापासून आमच्यापर्यंत चाळीस मिनिटे, नागपूरपर्यंत चार तास. हा नियम तीन वेळा उपयोगी पडला, आणि दुसऱ्या वेळी मूल नागपूरला पोहोचेपर्यंत रक्तदाब घसरू लागला होता. चार तास औषधाविना गेले असते तर ही नोंद निराळी लिहावी लागली असती.

वडिलांनी एकदा विचारले की फवारणीमुळे हे झाले का. ज्या जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेथे हा प्रश्न साहजिक आहे. आईवडिलांचा कीटकनाशकांशी आलेला संपर्क आणि मुलांतील रक्तकर्करोग यांचा काही संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, पण एका विशिष्ट मुलाचा आजार त्यानेच झाला असे कोणालाही सांगता येत नाही, असे मी उत्तर दिले. त्यांचे समाधान झाले नाही, आणि ते होणार नव्हतेच.

पांढरा मग

दुसऱ्या टप्प्यात मुलाला नागपूरला सायक्लोफॉस्फामाइड हे केमोचे औषध देत आणि त्यानंतरचे सायटाराबिनच्या इंजेक्शनांचे चार-चार दिवस आमच्याकडे होत. सायक्लोफॉस्फामाइडचे शरीरात विघटन होताना अॅक्रोलिन नावाचे द्रव्य तयार होऊन लघवीत उतरते आणि मूत्राशयाच्या अस्तराला जाळते. म्हणून भरपूर पाणी पाजायचे, रात्रीही उठवून लघवी करवायची आणि रंग पाहायचा. आमच्या परिचारिकेने आईला एक पांढरा प्लास्टिकचा मग दिला होता आणि लघवी त्यात धरून खिडकीजवळ पाहायला शिकवले होते. चहासारखी, डाळिंबाच्या रसासारखी किंवा मांस धुतलेल्या पाण्यासारखी दिसली तर लगेच सांगायचे.

२२ डिसेंबरला ती हे पुन्हा समजावत असताना दाराशी बसलेले आजोबा म्हणाले, “माह्यं बी असंच होते, बाई. उन्हाळी लागली म्हून सोडून देल्लं.”

उन्हाळी लागणे हा आपल्याकडे लघवीच्या साऱ्या तक्रारींना पुरणारा शब्द आहे. त्यांनी धन्या-जिऱ्याचे पाणी पिऊन सात महिने काढले होते. अधूनमधून लघवी लाल होई, दोन दिवसांनी आपोआप साफ होई, आणि आग किंवा दुखणे काहीच नसे. चाळीस वर्षे बिडी ओढणाऱ्या माणसात वेदनेविना लघवीतून रक्त जाणे हे सिद्ध होईपर्यंत कर्करोगाचे लक्षण मानावे, हा वैद्यकातला जुना धडा आहे. तरीही माझ्या मनात आधी दुसरेच आले. आजोबा सिकलसेलचे वाहक होते, आणि वाहकांत मूत्रपिंडाच्या आतील भागाला इजा होऊन लघवीतून रक्त जाऊ शकते, हे खरे आहे. त्याच शिक्क्याने एकदा नातवाच्या बाबतीत फसवले नसते तर मी कदाचित तेथेच थांबलो असतो. त्याच दुपारी सोनोग्राफी केली. मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर २.८ सेंटिमीटरची, फुलकोबीसारखी वाढ दिसली.

जानेवारीत नागपूरच्या दुसऱ्या एका रुग्णालयात दुर्बिणीतून ती गाठ खरवडून काढली. अहवालानुसार ती उच्च श्रेणीची होती, अस्तराखालच्या थरात शिरलेली, पण स्नायूपर्यंत न पोहोचलेली. निदानाच्या वेळी मूत्राशयाच्या सुमारे तीन-चतुर्थांश कर्करोगांत स्नायू वाचलेला असतो आणि आजोबा त्याच मोठ्या गटात होते. मात्र उच्च श्रेणीमुळे आजार परतण्याचा आणि खोल जाण्याचा धोका मोठा होता. नियमाप्रमाणे फेब्रुवारीत पुन्हा दुर्बीण घालून त्या जागेचे तुकडे घेतले गेले आणि ते निर्दोष निघाले.

याच सुमारास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा हिशेब समोर आला. त्या वेळी राज्याच्या योजनेत वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते, आणि ते प्रत्येक रुग्णामागे नसून कुटुंबामागे होते. या कुटुंबाचे नाव केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत नसल्याने पाच लाखांची मर्यादा त्यांना लागू होत नव्हती. केशरी शिधापत्रिका एक, रुग्ण दोन. आजोबांच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेचा अर्ज भरला जात असताना शिल्लक रक्कम ऐकून ते म्हणाले की माझी फाइल मागे घ्या. ती शस्त्रक्रिया शेवटी नातेवाइकांकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांवर झाली.

बीसीजी कुठे द्यावी

अशा आजारात गाठ काढल्यानंतर मूत्राशयात बीसीजी सोडतात. क्षयाविरुद्ध जन्मतः टोचली जाते तीच ही लस, फक्त मात्रा कितीतरी मोठी. कॅनडातील अल्वारो मोरालेस यांनी १९७६ मध्ये नऊ रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केल्यापासून ती या आजारात वापरली जाते; आपल्याकडे पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ती तयार करते. आठवड्याला एक अशा सहा मात्रा, आणि त्यानंतर ठरावीक महिन्यांनी तीन-तीन मात्रांच्या फेऱ्या, जास्त धोक्याच्या रुग्णांत तीन वर्षांपर्यंत. नळी घालून औषध सोडायचे, दोन तास लघवी रोखायची आणि मग मोकळे व्हायचे. यात यंत्रसामग्री फारशी लागत नाही. त्यामुळे मार्च २०२२ मध्ये नागपूरच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी विचारले की या मात्रा तुम्हीच दिल्या तर आजोबांचा प्रवास वाचेल का.

मला ती सूचना पटली होती. अडचण अशी की बीसीजीतील जंतू जिवंत असतात, आणि आमच्याकडे औषधे मिसळण्याची खोली एक, टेबल एक, परिचारिका तीच. त्याच टेबलावर त्या आठवड्यांत नातवाचे व्हिन्क्रिस्टिन भरले जात होते. मूत्राशयासाठीची बीसीजी आणि लहान मुलांचे केमो एकाच कक्षात तयार केल्यामुळे कर्करोगग्रस्त मुलांना बीसीजीचा संसर्ग झाल्याचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत आलेले आहेत. त्यांतला एक २००० साली प्रसिद्ध झाला आणि मी तो शिकत असताना वाचला होता. नातू तेव्हा उपचारातील पुन्हा तीव्र होणाऱ्या टप्प्यात होता आणि त्याच्या पांढऱ्या पेशी घसरणार हे ठरलेलेच होते. मी नकार कळवला.

दुसरा प्रश्न घरातील शौचालयाचा होता. बीसीजीनंतर सहा तासांपर्यंतची लघवी जंतुयुक्त मानतात; रुग्णाने बसून लघवी करावी, तितकेच ब्लीच ओतून पंधरा मिनिटे थांबावे आणि मग पाणी सोडावे, अशी सूचना असते. घरातल्या माणसाला यातून संसर्ग होण्याचा धोका फार थोडा आहे. तरीही एकच शोषखड्ड्याचे शौचालय, तांब्याने पाणी ओतण्याची पद्धत आणि केमो घेणारे मूल, हे सारे एका अंगणात होते. उपाय संपाने काढला. १६ मार्चपासून २० एप्रिलपर्यंतचे सहा बुधवार आजोबा नागपूरला मात्रा घेत, आणि संध्याकाळनंतर परतीची गाडी मिळत नसल्याने रात्र धर्मशाळेत काढून गुरुवारी दुपारी गावी येत. तोवर सहा तास केव्हाच उलटलेले असत. शेवटची मात्रा झाली आणि दोन दिवसांनी संप मिटला.

माझा नकार वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होता असे मला आजही वाटते. पण त्या नकाराची किंमत मी तेव्हा फक्त सहा बुधवारांत मोजली. पुढील तीन वर्षांच्या फेऱ्या हिशेबात धरल्या नाहीत. आमच्या जुन्या बाळंतकक्षाला स्वतंत्र दार आणि स्वतंत्र मोरी आहे. वेगळा दिवस, वेगळी खोली, वेगळा माणूस, असे पथ्य पाळून तेथे ही सोय करता आली असती. ती आम्ही २०२४ मध्ये केली. दोन वर्षे आधी ती कोणाला सुचली नाही, मलाही नाही.

मोजणीचे दोन रकाने

जून २०२२ मध्ये मुलाचा देखभालीचा टप्पा सुरू झाला: रोज मर्कॅप्टोप्युरिनची एक गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या सहा लहान गोळ्या. आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेली तर ती विष ठरते, म्हणून आईने ती बाजाराच्या दिवसाला बांधून घेतली. बाजाराची पिशवी खाली ठेवली की सहा गोळ्या. हा टप्पा दिसायला सौम्य असतो आणि म्हणूनच फसवा आहे. डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवून केलेल्या अभ्यासात, मर्कॅप्टोप्युरिनच्या ९५ टक्क्यांहून कमी मात्रा घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक दिसला. महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की माणूस त्या रेषेखाली जातो.

ऑक्टोबरमध्ये मुलाच्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या. नागपूरहून फोनवर सांगितले गेले की गोळ्या बंद ठेवा, आठवड्याने रक्त तपासा आणि कळवा. शेतात सीतादही, म्हणजे कापसाच्या पहिल्या वेचणीची पूजा, होऊन वेचणी सुरू झाली होती, फोन पावसात भिजून बंद पडला होता, आणि ‘बंद ठेवा’ याचा अर्थ घरी ‘बोलावतील तोवर बंद’ असा घेतला गेला. आमच्या आरोग्यसेविकेने नोव्हेंबरमध्ये घरी जाऊन विचारले तेव्हा गोळ्या थांबून ३७ दिवस झाले होते. त्या आठवड्यातच त्या पुन्हा सुरू झाल्या.

आजोबांचे दुर्बिणीतून पाहिलेले मूत्राशय जूनअखेरीस स्वच्छ होते. जुलैतील तीन मात्रांपैकी दोन त्यांनी घेतल्या, तिसऱ्या आठवड्यात पुराच्या पाण्याने रस्ता बंद होता. त्यानंतर ते गेले नाहीत. मी दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः गेलो. “मले काहीच दुखत नाही तं कायले जाऊ? पोराचं होऊ द्या पयले,” असे ते म्हणाले. पुढील एप्रिलमध्ये पुन्हा लघवी लाल झाली आणि त्यांनी ती दोन महिने लपवली. जून २०२३ मध्ये आजार स्नायूत शिरलेला होता. मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया त्यांनी नाकारली. मूत्रपिंडे थकल्यामुळे सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध देण्यासारखे नव्हते. वर्ध्याच्या बाजूला, जेथे त्यांची लेक राहते, तेथील रुग्णालयात किरणोपचार झाले. जानेवारी २०२४ मध्ये ते घरी वारले. नातवाचे उपचार तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये पूर्ण झाले आणि आज तो आजारमुक्त आहे.

आता नोंदी. आजोबांची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात मूत्राशय कर्करोगाच्या निकालांचा अभ्यास चालू होता. त्यात त्यांच्यापुढे ‘जुलै २०२२ अखेर आजारमुक्त, नंतर संपर्क तुटला’ असे लिहिलेले होते. अशा रुग्णाचे काय करायचे याची रीत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांच्या १९५८ च्या निबंधापासून रूढ आहे: ज्या दिवसापर्यंत माहिती आहे तोवर त्याला मोजणीत धरायचे आणि त्यानंतर, किती रुग्ण किती काळ आजारमुक्त राहिले हे दाखवणाऱ्या आलेखातून, हळूच बाजूला करायचे. ही रीत एका गृहीतकावर उभी आहे की जे निघून गेले त्यांचे पुढे जे होते ते राहिलेल्यांसारखेच होते. आमच्या भागात ते गृहीतक टिकत नाही. येथे माणूस ज्या कारणाने यायचा थांबतो, त्याच कारणाने त्याचा आजारही वाढतो. आजोबांसारखे दहा रुग्ण बाजूला केले की त्या रुग्णालयाचा आलेख वर जातो, आणि कोणी खोटे लिहिलेले नसते.

बालकर्करोगाच्या क्षेत्राने हा धडा आधी गिरवला आहे. बालकर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या कार्यगटाने २०११ मध्ये सुचवलेल्या व्याख्येनुसार, बरे करण्याच्या हेतूने चाललेले उपचार सलग चार आठवडे किंवा त्याहून अधिक थांबले तर तो उपचारत्याग समजावा, आणि निकाल मांडताना तो आजार उलटण्यासारखीच घटना म्हणून मोजावा असा आग्रह त्यातूनच धरला जातो. मुलाच्या रुग्णालयाने हा नियम प्रामाणिकपणे लावला. ३७ दिवस म्हणजे पाच आठवडे दोन दिवस. त्यामुळे त्यांच्या नोंदीत त्याच्यापुढे ‘नोव्हेंबर २०२२, उपचारत्याग’ अशी घटना आहे, आणि घटनामुक्त जीवनाच्या, म्हणजे आजार उलटण्यासारखी कोणतीही घटना न घडता जगलेल्यांच्या, आलेखात त्याची रेषा तेथेच खाली उतरते.

म्हणजे बरा झालेला मुलगा कागदावर अपयशात गणला गेला, आणि वारलेले आजोबा आजारमुक्त राहिले. माझ्या सहकाऱ्यांपैकी काहींना मुलावर अन्याय झाला असे वाटते, कारण गोळ्या थांबवण्याचा आदेश डॉक्टरांचाच होता आणि कुटुंबाने काही सोडले नव्हते. मला तसे वाटत नाही. ३७ दिवसांचा खंड खरा होता, तो आमच्या निरोपव्यवस्थेचा दोष होता, आणि तो आलेखात दिसला नसता तर कोणी शोधायलाही गेले नसते. त्यानंतरच नागपूरच्या पथकाने ‘बंद ठेवा’ या सूचनेबरोबर पुढील तपासणीची तारीख कागदावर लिहून देणे आणि ती आम्हालाही कळवणे सुरू केले. दोष आजोबांच्या रकान्यात आहे. प्रौढांच्या कर्करोगाच्या अभ्यासांतही चुकलेल्या फेऱ्या घटना म्हणून मोजाव्यात, निदान दोन्ही प्रकारचे आलेख शेजारी छापावेत, म्हणजे वाचणाऱ्याला मधले अंतर दिसेल.

मुलाला सर्व टप्प्यांत मिळून सायक्लोफॉस्फामाइडची एकूण मात्रा माफक होती आणि त्यातून पुढे मूत्राशयाचा कर्करोग होण्याचा धोका अत्यल्प आहे. दीर्घकालीन पाहणीत तरीही वर्षातून एकदा लघवीत रक्त जाते का हे विचारायचे असते, आणि या घरात तो प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. गेल्या तपासणीला आई पांढरा मग पिशवीत घालूनच घेऊन आली होती.

आजोबांच्या मृत्यूची तारीख आणि कारण मी त्यांच्या लेकीकडून मिळालेल्या कागदांवरून संबंधित अभ्यासाच्या समन्वयकांना लेखी कळवले आहे. उत्तरात त्यांनी विचारले की रुग्णाचा शेवटचा संपर्क नेमका कोणाशी झाला होता. मी त्या रकान्यात आमच्या आरोग्यसेविकेच्या गृहभेटीची तारीख भरली. नोंद दुरुस्तीच्या प्रक्रियेत आहे.